अमावास्या ते चतुर्थी : प्रजाती ओळखत मुंबईत

मुंबईत प्रजाती बघत फिरायचे तर तारखा तिथी पाहून ठरवाव्यात. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीचा अंक पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते आणि तिच्या अलीकडे-पलीकडे साधारण सहा तासांवर ओहोटी असते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि सकाळची ओहोटी साडेसातच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात, तेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरते. हा ढोबळ अंदाज झाला, मिनिटांचा हिशेब छापील तक्त्यावरूनच करावा. आम्ही मार्गशीर्ष अमावास्या धरली. या दिवसांत उत्तरेकडचे पाहुणे पक्षी आलेले असतात, खाडीत रोहित (फ्लेमिंगो) उतरलेले असतात आणि द्वितीयेच्या ओहोटीला नेमका उजेड मिळतो.

सामान थोडेच लागते: दहापट मोठे दाखवणारे भिंग, जवळून फोटो काढता येईल असा कॅमेरा, 15 सेंटिमीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल. शाई ओलाव्याने फुटते, पेन्सिल फुटत नाही. जाळी आणि डब्या घरीच ठेवाव्यात. राष्ट्रीय उद्यानातून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलता येत नाही, आणि या फेरीत उचलायची गरजही पडत नाही.

मार्गशीर्ष अमावास्या : ससून डॉक, मग फोर्ट

पहाटे, लिलाव चालू असताना पोचावे. फोटोची परवानगी आधी विचारून घ्यावी आणि टोपल्या वाहणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये. 1875 मध्ये सुरू झालेल्या या गोदीत वर्गीकरणाचा पहिला धडा उभ्या उभ्या होतो, कारण इथे एकमेकांशी नाते नसलेले मासे शेजारी मांडलेले असतात आणि त्यांची नावे नाते असल्यासारखी असतात.

पापलेट आणि हलवा घ्या. दोन्ही चपटे, उंच अंगाचे. इंग्रजीत दोघांनाही पॉम्फ्रेट म्हणतात, फक्त हलव्याला काळा पॉम्फ्रेट. शास्त्रज्ञांनीही सुरुवातीला तेच केले होते. 1788 मध्ये पापलेटाला स्ट्रोमॅटियस अर्जेन्टियस आणि 1795 मध्ये हलव्याला स्ट्रोमॅटियस नायगर असे नाव मिळाले, म्हणजे दोघे एकाच वंशात, जवळच्या प्रजातींच्या एकाच गटात. आज हलवा पॅरास्ट्रोमॅटियस नायगर आहे आणि त्याचे कुळ, म्हणजे अनेक वंशांचा मोठा गट, कॅरँजिडी आहे, जे पापलेटाचे नव्हे. हे बोटाने पडताळता येते. हलव्याच्या शेपटीच्या देठावर, बाजूच्या रेषेवरून, शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा. खवल्यांचे कडक कंगोरे बोटाला अडतात. पापलेटाचा देठ गुळगुळीत लागतो. हेच कंगोरे काट बांगड्याला फार ठळक असतात आणि तोही हलव्याच्याच कुळातला आहे. साधा बांगडा मात्र सुरमईच्या कुळात जातो. म्हणजे नावाने दोन 'बांगडे', पण नात्याने काट बांगडा हलव्याचा आणि बांगडा सुरमईचा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पोटाकडचे पर पाहून निकाल देणे. पापलेटाला ते नसतात आणि मोठ्या हलव्यालाही नसतात, त्यामुळे दोघे एक वाटतात. पण हलव्याच्या पिल्लाला ते असतात, वाढताना नाहीसे होतात. एखादा अवयव 'नाही' हे साम्य नात्याचा फार कमकुवत पुरावा आहे, कारण गोष्ट हरवणे वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे वारंवार घडते.

पापलेटाचेही सगळे मिटलेले नाही. 2023 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. मात्र अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी असे मांडले आहे की आपल्या समुद्रातले रुपेरी पापलेट हे पाम्पस अर्जेन्टियस (पापलेटाच्या 1788 च्या नावाचे आजचे रूप) नसून पाम्पस कॅन्डिडस आहे. हे दुसरे नाव 1829 च्या आसपासचे, पुढे पहिल्या नावाचाच पर्याय समजून बाजूला ठेवलेले. जुने नाव असे पुन्हा जिवंत होणे वर्गीकरणात नेहमीचे आहे. नवी प्रजाती सापडली असे वाटले तरी आधी शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची बाजूला पडलेली नावे तपासावी लागतात, आणि त्यांतले एखादे लागू पडले तर तेच वापरावे लागते.

सगळ्यात जास्त वेळ चिंबोरीला द्यावा. खाडीची हिरवट चिंबोरी, म्हणजे सिला वंश. या वंशात प्रजाती किती यावर पन्नास वर्षे वाद चालला. 1949 मध्ये फिलिपाइन्समधल्या चिंबोऱ्यांवरून तीन प्रजाती आणि एक उपप्रकार मांडले गेले. 1960 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी हे सगळे फरक परिस्थितीमुळे पडलेले आहेत असे म्हणून पुन्हा एकच प्रजाती केली, सिला सेराटा. 1998 मध्ये प्रथिने, डीएनए आणि शरीराची मोजमापे तिन्ही एकत्र तपासली गेली आणि चार प्रजाती पक्क्या झाल्या. भारतात प्रामुख्याने त्यांतल्या दोन येतात, सेराटा आणि ऑलिव्हेशिया.

दोऱ्याने बांधलेली चिंबोरी समोरून पाहा. दोन डोळ्यांच्या मधोमध कवचाच्या कडेवर चार दाते असतात. सेराटाचे उंच आणि टोकाकडे निमुळते, ऑलिव्हेशियाचे बसके आणि गोलसर. मग नांगीच्या पंज्यामागचा सांधा पाहा. त्याच्या बाहेरच्या कडेवर सेराटाला दोन स्पष्ट काटे असतात, तर ऑलिव्हेशियाला एखादा बोथट उंचवटा किंवा काहीच नाही. सेराटाच्या सगळ्या पायांवर बहुकोनी जाळीची नक्षी दिसते. रंगावर जाऊ नये, तो चिखलावर आणि कात टाकून किती दिवस झाले त्यावर बदलतो. झिजलेल्या जुन्या नरात काटेही बोथट होतात, म्हणून एका खुणेवर न थांबता तिन्ही पाहाव्यात. सेराटा बरीच मोठी होते, ऑलिव्हेशिया लहान राहते. तळ्यात चिंबोरी वाढवणाऱ्याने बीज ओळखून घेतले नाही तर तेवढेच खाद्य घालून वजन कमी मिळते आणि दोष पाण्याला दिला जातो.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे निसर्गविज्ञान दालन. दालन बघून होते लवकर, पण लेबले वाचायची सवय इथे लागते. नावातला पहिला शब्द वंश, दुसरा प्रजाती, पुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष. आडनाव-वर्ष कंसात असेल तर समजावे की प्रजातीला मूळ नाव मिळाले तेव्हा ती वेगळ्या वंशात होती. प्राण्यांच्या नावांची मोजणी वर्गीकरणकार लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीपासून सुरू होते, वनस्पतींची 1753 पासून. नावावरून ठिकाण मात्र गृहीत धरू नये. रावर्केस्टिस बॉम्बेयेन्सिस हा झुडपी बेडूक 1919 मध्ये वर्णिला गेला तो कॅसल रॉकचा, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. मुंबई शहराशी त्याचा एवढाच संबंध.

पौष शुद्ध द्वितीया : वरळीवरून वांद्र्याचे खडक

प्रतिपदा विश्रांतीला दिली. द्वितीयेला उजाडताच वरळीमार्गे वांद्रे.

वरळीच्या टेकडीजवळून जाताना आज इमारतींखेरीज काही दिसत नाही. पण इथल्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात लहानशा बेडकांचे जीवाश्म सापडले. 1847 मध्ये रिचर्ड ओवेनने त्यांना राना या सामान्य बेडकांच्या वंशात घातले. 1930 मध्ये त्यांना इंडोबॅट्राकस हा स्वतंत्र वंश मिळाला. जीवाश्मात आवाज नाही, रंग नाही, कोण कोणाशी जुळते हे पाहण्याची सोय नाही, सगळे हाडांवरून ठरवायचे. 'आपसांत जुळतात आणि सुफल संतती देतात ती एक प्रजाती' ही 1942 मध्ये जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरने घट्ट केलेली व्याख्या इथे उपयोगी पडत नाही.

वरळी हे एकेकाळी वेगळे बेट होते, माहीम वेगळे, परळ वेगळे. मग प्रत्येक बेटावर वेगळी प्रजाती का झाली नाही? असे विचारणारे भेटतात आणि प्रश्न रास्त आहे. पाण्याची फट असणे पुरेसे नाही. ती इतका काळ टिकावी लागते की दोन्हीकडे साचलेले बदल, पुन्हा भेट झाली तरी, मीलनाला आड यावेत. वाहून आलेल्या ओंडक्यावरून पिढीला एखाद-दुसरा जीव पलीकडे पोचला तरी दोन्ही समूह मिसळलेले राहू शकतात. मुंबईची बेटे एकमेकांना फारच जवळ होती, आणि भरावाने जोडलीही गेली.

बँडस्टँडच्या खडकांवर ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी उतरावे, पाण्यामागे जात जात खाली जावे आणि पाणी वळले की लगेच माघारी फिरावे. शेवाळ असलेल्या खडकावर पाय ठेवू नये. कालवांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात, अनवाणी चालू नये. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवावा, त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरतात.

इथे एक पाहणी सावकाश करावी. खडकाच्या मधल्या पट्ट्यात दोन प्रकारचे छोटे शंकू चिकटलेले असतात. एक एकसंध टोपीसारखा, ती लिंपेट, म्हणजे गोगलगाईच्या घराण्यातली. दुसरा अनेक तुकड्यांच्या भिंतीचा, वर झाकण असलेला, तो बार्नेकल. दोन्ही खडकाला चिकटलेले, दोन्ही चुन्याचे, दोन्ही लाटेचा मारा सोसणारे. जॉर्ज कुव्हिएसारख्या शरीरशास्त्रज्ञाने बार्नेकलांना शिंपल्या-गोगलगाईंच्याच गटात ठेवले होते. 1830 मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्यांची पिल्ले वाढताना पाहिली. पिल्लू पोहणारे, सांधेदार पायांचे, कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांसारखे. प्रौढ होताना ते डोके खडकाला चिकटवते आणि भोवती भिंत बांधते.

डबक्यात बुडालेला बार्नेकल निवडा, सावली पडू न देता शेजारी बसा आणि हलू नका. थोड्या वेळाने झाकणाच्या दोन पाळ्या उघडतात आणि आतून केसाळ पायांचा पंखा बाहेर येऊन पाणी चाळू लागतो. भिंगातून त्या पायांचे सांधे दिसतात. सांधेदार पाय म्हणजे संधिपाद. एवढ्या एका दृश्याने प्राण्याचा संघच बदलतो. सावली पडली की झाकण मिटते आणि पुन्हा थांबावे लागते, घाई केली तर काहीच दिसत नाही. मग भिंतीचे तुकडे मोजावेत, सहा की चार. त्यावरून पुढची विभागणी होते. तुकडे झिजून एकजीव झालेले असतील तर त्या बार्नेकलावर वेळ घालवू नये, शेजारचा तरुण निवडावा.

मुंबई बंदरातल्या खांबांवर आणि होड्यांच्या तळांवर जांभळट उभ्या रेघांचा जो बार्नेकल दिसतो, तो अँफिबॅलॅनस अँफिट्राइट. त्याला नाव दिले डार्विनने, 1854 मध्ये. 1846 पासून आठ वर्षे त्याने बार्नेकलांवर घालवली. एका प्रजातीचे प्राणी आपसांत किती वेगळे असू शकतात हे त्याला तिथे कळले. हा फरकच नैसर्गिक निवडीचा कच्चा माल आहे, आणि ओळखणाऱ्याची डोकेदुखीही.

समुद्रात भिंती नाहीत, पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात, मग तिथे समूह वेगळे कसे होतात? याचे फार सुंदर उत्तर पनामात मिळते. खडकांतून टचटच आवाज येतो तो नांगी झटकणाऱ्या अल्फियस कोळंबीचा, ती आपल्याकडेही आहे. पनामाची संयोगभूमी सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी पूर्ण जोडली गेली आणि एक समुद्र दोन झाला. दोन्ही बाजूंना अल्फियसच्या जोड्या राहिल्या, दिसायला जवळजवळ सारख्या. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांना एकत्र ठेवले तेव्हा त्या बहुतांशी जुळल्या नाहीत. जोड्यांमधले जनुकीय अंतरही सारखे नव्हते, कारण जमीन एकदम वर आली नाही. खोल पाण्यातल्या प्रजाती आधी तुटल्या, काठाच्या उथळ पाण्यातल्या शेवटी.

पौष शुद्ध तृतीया : बोरिवली, कान्हेरी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, वार पाहून जावे. शनिवार-रविवारी कान्हेरीची वाट गजबजते आणि पक्ष्यांचे आवाज ऐकू येत नाहीत.

आजचे काम जवळजवळ एकाच पक्ष्यावर आहे: हिरवट पर्णवटवट्या. चिमणीहून लहान, वरून हिरवट करडा, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर लांब फिकी भुवई, पंखावर एकच बारीक पट्टी. पानांच्या शेंड्यांत सारखा हलत असतो. डोळ्यांनी शोधू नये, कानांनी शोधावा. हिवाळ्यातही तो आपला तुकडा राखतो आणि 'चिस्‌-लि' असा दोन तुकड्यांचा छोटा आवाज सतत देतो. ध्वनिमुद्रण लावून त्याला जवळ बोलावू नये. तो भांडायला येतो आणि खाण्याचा वेळ वाया घालवतो.

हा पक्षी उन्हाळ्यात तिबेटच्या पठाराभोवतीच्या जंगलांत वीण करतो. पठारावर झाडे नाहीत, म्हणून त्याची वस्ती पठाराला वळसा घालून पसरली आहे: हिमालयातून एक हात पश्चिमेने मध्य आशियाकडून सायबेरियाकडे, दुसरा पूर्वेने चीनमधून सायबेरियाकडे. हिमालयापासून एकेका हाताने पुढे जावे तसे शेजारी-शेजारी फरक किरकोळ वाटतो. दोन्ही हात सायबेरियात भेटतात तिथे मात्र पश्चिमेचा आणि पूर्वेचा पक्षी आपसांत जुळत नाहीत. आपल्याकडे हिवाळ्यात येतो तो पश्चिमेचा, विरिडॅनस.

1938 मध्ये पक्षीतज्ज्ञ टाइसहर्स्टने या वर्तुळाकडे लक्ष वेधले. 2001 मध्ये गाणी आणि डीएनए दोन्ही तपासून ते मांडले गेले. उत्तरेकडे जाताना दोन्ही हातांतली गाणी लांब आणि गुंतागुंतीची होत जातात, पण वेगवेगळ्या दिशांनी. त्यामुळे सायबेरियात एकाला दुसऱ्याचे गाणे स्वतःच्या जातभाईचे वाटतच नाही. इथे मीलन अडवते ते गाणे.

हे उदाहरण पुस्तकांत फार गुळगुळीत सांगितले जाते. 2014 मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर पाहिले तेव्हा वर्तुळात ठिकठिकाणी खंड आढळले, म्हणजे भूतकाळात काही समूह बराच काळ तुटलेले होते आणि नंतर पुन्हा मिसळले. तरीही ते मोलाचे आहे असे आमचे ठाम मत आहे, कारण एक प्रजाती दोन होताना मधल्या पायऱ्या जिवंत दिसतात अशी ठिकाणे फार थोडी आहेत. मग ही एक प्रजाती म्हणायची की दोन? रेघ कुठेही मारली तरी ती दोन शेजाऱ्यांच्या मधून जाते. कॉकेशसकडे वीण करणारा पिवळसर नातेवाईक, निटिडस, तर यांच्यापासून तुटूनच राहतो. तो भेटतच नसल्यामुळे जुळेल की नाही हे पाहता येत नाही, म्हणून कोणी त्याला उपप्रजाती म्हणते, कोणी स्वतंत्र प्रजाती. तोही हिवाळ्यात पश्चिम घाटात येतो. छातीवर स्पष्ट पिवळी झाक दिसली तर वहीत तसे लिहावे, मात्र हिरव्या पानांतून झिरपणाऱ्या उजेडात पांढरे पोटही पिवळे दिसते. उघड्या फांदीवर येईपर्यंत निकाल देऊ नये.

कान्हेरीच्या दगडांच्या कपारीत मोठी ठिपकेदार खडकपाल राहते, हेमिडॅक्टिलस मॅक्युलॅटस. टॉर्च तिरपी धरून बघावे, गुंफेतल्या वटवाघळांवर उजेड टाकू नये. याच वंशातल्या घराजवळच्या लहान ठिपकेदार पालींना आपल्याकडे बराच काळ सरसकट 'ब्रूकची पाल' म्हटले जाई. डीएनए तपासल्यावर तो एका रूपाखाली दडलेला अनेक प्रजातींचा घोळका निघाला. अशा पाली ओळखताना बोटांखालच्या पट्ट्या, पाठीवरच्या गाठींच्या रांगा आणि नराच्या मांडीखालची छिद्रे मोजतात. फोटो वरूनच घेतला असेल तर यांतल्या दोन गोष्टी कळतच नाहीत.

परतताना उद्यानाच्या दाराबाहेर वडापाव घेतला तर हातात एक प्रजाती असते जिला अशी लाखो वर्षे लागली नाहीत. पावाचा गहू म्हणजे 28 गुणसूत्रांचा लागवडीतला गहू आणि 14 गुणसूत्रांचे एक रानगवत यांचा संकर. त्यांचे संच एकवटून आणि दुप्पट होऊन 42 गुणसूत्रे झाली. हे सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, शेती सुरू झाल्यावर, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे घडले. संच दुप्पट झाले की प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो आणि बी धरते, पण आईबापांपैकी कोणाशीही संकर केला की संततीत जोड्या विषम पडतात. म्हणजे भिंत जवळजवळ एका पिढीत उभी राहते. वनस्पतींत हा रस्ता बराच वापरला गेला आहे, प्राण्यांत विरळा.

पौष शुद्ध चतुर्थी, सकाळ : आरे

चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास. ऐरोलीच्या खाडीत रोहित दाखवायला नेणारी बोट पाणी पुरेसे असतानाच निघते, म्हणून सकाळ गोरेगावच्या आरेला दिली.

आधी कढीपत्त्याची आणि लिंबाची झाडे पाहावीत. कॉमन मॉरमॉन या काळ्या फुलपाखराची मादी तिथे अंडी घालायला घिरट्या घालते. तिची तीन रूपे आहेत. एक नरासारखेच, दुसरे कॉमन रोझ या वेगळ्या फुलपाखरासारखे, तिसरे क्रिमझन रोझ या फुलपाखरासारखे. ही दोन्ही रोझ पक्ष्यांना बेचव लागतात, म्हणून नक्कल फायद्याची. रूपे वेगळी असली तरी प्रजाती एकच, आणि एका मादीच्या पोटी वेगवेगळ्या रूपांच्या मुली होऊ शकतात. 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा सगळा खेळ डबलसेक्स या एका जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालतो. खरी रोझ ओळखायची तर अंग पाहावे: रोझचे पोट लाल, मॉरमॉनचे काळे.

मग आरेच्या झाडांच्या सालींवर आणि पानांवर उड्या मारणारे कोळी. या परिसराने विज्ञानाला नवी नावे दिली आहेत. 2010 मध्ये वर्णिलेल्या एका विंचवाचे नाव लायकस आरेयेन्सिस आहे. 2021 मध्ये ठाणे परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला इसियस तुकारामी हे नाव दिले गेले, 26/11 च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

नवी प्रजाती जाहीर करणे म्हणजे फोटो टाकणे नव्हे. काम कसे चालते ते सांगतो. शक्यतो प्रौढ नर आणि प्रौढ मादी दोन्ही हवेत, कारण कोळ्यांची खात्रीची ओळख नराच्या तोंडाजवळच्या फुगीर स्पर्शपादावर आणि मादीच्या पोटाखालच्या जननपट्टीवर ठरते. पिल्लात दोन्ही तयार नसतात. परवानगीने पकडलेला नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात, एक पाय मात्र तोडून शुद्ध अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या नमुन्यातून डीएनए काढणे फार कठीण जाते. जननपट्टी सोडवून कॉस्टिक पोटॅशसारख्या द्रावणात आतल्या नळ्या दिसेपर्यंत पारदर्शक करतात. जास्त वेळ ठेवली तर ती विरघळून नमुनाच हातचा जातो. मग त्या वंशातल्या आधीच्या सर्व प्रजातींची मूळ वर्णने आणि शक्य तेथे मूळ नमुने काढून ताडून पाहायचे. सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि कंटाळून ही पायरी उरकली की जुन्याच प्रजातीला नवे नाव दिले जाते.

डीएनएसाठी प्राण्यांत बहुधा केंद्रकाबाहेरच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचतात. तो उपयोगी आहे, पण तो फक्त आईकडून येतो. दोन प्रजातींत कधीकाळी संकर झाला असेल तर एकीच्या अंगात दुसरीचा तुकडा सापडू शकतो. त्याची निकामी नक्कल पेशीच्या केंद्रकात शिरलेली असेल तर चुकून तीच वाचली जाते. अमुक टक्के फरक पडला की वेगळी प्रजाती, असा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. शरीर, डीएनए, आवाज किंवा वागणूक आणि ठिकाण यांतले निदान दोन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच पुढे जावे.

शेवटी एक नमुना होलोटाइप म्हणून निवडतात. नाव त्याला बांधलेले असते. उद्या त्या वर्णनात दोन प्रजाती मिसळल्या होत्या असे निघाले तर होलोटाइप ज्या बाजूला जाईल तिकडे नाव जाते. जैविक विविधता कायदा 2002 नुसार असा नमुना अधिसूचित भांडारात जमा करावा लागतो. केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या वर्णनाची 2012 पासून झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणीही लागते.

चतुर्थी, दुपार : ऐरोलीची खाडी

खाडीत आत भरती किनाऱ्यापेक्षा थोडी उशिरा पोचते. बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि तासभर आधी जाऊन लाकडी वाटेवरून तिवरांत फिरावे.

खारफुटी हे कुळ नव्हे. खाऱ्या चिखलात जगण्याची ती एक रीत आहे, आणि ती वनस्पतींच्या अनेक घराण्यांनी स्वतंत्रपणे कमावली. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक वर येतात. शेजारच्या चिप्पीची त्याच कामाची मुळे जाड, बुडाशी रुंद आणि वर निमुळती असतात. काम एक, हवा घेणे, घराणी दोन. तिवराचे पान उलटून भिंगाखाली धरा, करड्या लवीवर मिठाचे कण चमकतात. हे झाड अडुळशाच्या कुळातले, पूर्वी त्याला स्वतंत्र कुळ दिले होते. काटेरी पानांची मारांडीही अडुळशाच्याच कुळात. चिप्पीचे फळ पाहा, खाली चांदणीसारखा पसरलेला निदलपुंज. तिचे कुळ मेंदी, डाळिंब, शिंगाडा आणि ताम्हण यांचे आहे. म्हणजे 2020 मध्ये राज्याची खारफुटी ठरलेली पांढरी चिप्पी आणि राज्यफूल ताम्हण हे एकाच कुळातले आहेत. काजळा वावडिंगाच्या कुळात जातो, कांदळाचे कुळ आणखी निराळे.

चुका होतात त्या पानांवरून ओळखल्यामुळे. खाऱ्या वाऱ्यात बहुतेकांची पाने जाड आणि चिवट होतात. फूल आणि फळ यांवर तोच दबाव तेवढा पडत नाही, म्हणून नाते तिथे टिकून दिसते. तिवराच्या दोन प्रजाती वेगळ्या करतानाही फुलाचा आकार पाहावा: ऑफिसिनॅलिसचे मोठे, मरीनाचे बरेच लहान.

बोटीतून रोहित दिसतात. मोठ्या रोहिताची चोच फिकी गुलाबी, टोक काळे. लहान रोहिताची चोच गडद लालसर, दुरून काळीच वाटते. लांब पायांमुळे त्यांना कोणी बगळे-करकोच्यांजवळ ठेवले, गाळण्याच्या चोचीमुळे आणि पिसांतल्या उवा बदकांसारख्या असल्यामुळे कोणी बदकांजवळ. 2001 च्या सुमारास डीएनएने दाखवलेला नातेवाईक कोणाच्याच यादीत वर नव्हता: पाणडुबकी. पवई तलावात सूर मारणारी आखूड पायांची टिबुकली हीच. उवा एका यजमानावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात, आणि लांब पाय उथळ पाण्यात चालणाऱ्या अनेकांना आले आहेत.

रात्री नोंदी भरताना प्रत्येक फोटोला ठिकाण, तारीख, वेळ आणि जीव कशावर होता (झाडाचे नाव, खडकाचा कोणता पट्टा, पाण्यापासून किती उंच) हे पेन्सिलीच्या वहीवरून उतरवून घ्यावे. चिंबोरीचे समोरचे दाते, पालीची बोटे, कोळ्याचे पोट दिसत नसेल तर नोंद वंशाच्या पातळीवरच ठेवावी. वंशापर्यंत बरोबर असलेली नोंद पुढच्या अभ्यासकाला वापरता येते. अंदाजाने प्रजातीचे नाव टाकलेली नोंद मात्र नकाशावर चुकीच्या जागी ठिपका पाडते, आणि तो काढायला दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा त्याच खडकावर उतरावे लागते.